नळाखालची वस्ती

हॉस्पिटलात खिडकीजवळचा बेड मिळवायला वशिला लागतो, आणि हेमांगीने आयुष्यात पहिल्यांदा वशिला लावला तो त्या बेडसाठी.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली ही मुलगी अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात जंतूंची डॉक्टर होती. म्हणजे पेशंटची आणि तिची गाठ कधी पडत नसे. पेशंटचं रक्त, लघवी, जखमेतला पू तळमजल्यावर तिच्या लॅबमध्ये येई. त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरेल, हे ती वर कळवी. वशिल्याची तिला मनापासून चीड होती. पण बापाच्या, तुळशीदासच्या, आतड्याला पीळ पडला, पोट उघडून काळा पडलेला तुकडा कापून टाकावा लागला, आणि आयसीयूत शुद्धीवर आल्याआल्या म्हाताऱ्याने "मना पानी दिसत नाय" म्हणत सलाइन उपटायला हात घातला, तेव्हा तिने सगळी तत्त्वं गुंडाळून ठेवली. तुळशीदासचा जन्म होडीवर गेला होता. भिंतीकडे बघत पडून राहायची त्याला सवयच नव्हती.

आयसीयूच्या मुख्य सिस्टर सुनंदा. लालबागच्या गिरणी कामगाराची मुलगी, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, आता बिऱ्हाड भांडुपला. हेमांगीने दबकत दबकत कोपऱ्यातल्या बेडचं विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या बापाशीक नाय तर कोणाक देतलंय गो?" दुपारच्या आत म्हातारा खिडकीजवळ. तिथून दोन इमारतींच्या फटीतून खाडीची एक पट्टी दिसायची. तेवढी त्याला पुरली. बेडच्या उशाशी भिंतीला हात धुवायचं बेसिन होतं, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

म्हाताऱ्याला घरी जायची घाई होती आणि कारणही तसंच होतं. हेमांगीच्या भावाला, प्रज्योतला, नुकतीच मुलगी झाली होती. बारसं अडून राहिलं होतं. आजा घरी आल्याशिवाय पोरीला पाळण्यात घालायचं नाही, असं सगुणाने, हेमांगीच्या आईने, ठणकावून सांगितलं होतं. मासळीबाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा शब्द मोडायची घरात कोणाची छाती नव्हती. दुसऱ्या एखाद्या पेशंटची गोष्ट असती तर हेमांगी सरळ म्हणाली असती, की या वयात, या ऑपरेशननंतर, जखमेत एक चिवट जंतू शिरला तरी खेळ संपला. स्वतःच्या बापाबद्दल हे वाक्य तिला मनातसुद्धा पुरं करवत नव्हतं.

पंचाईत व्हायची ती संध्याकाळी. खिडकीबाहेर अंधार पडला की खाडी दिसेनाशी होई आणि तुळशीदासची तगमग सुरू होई. सगुणाने त्याच्यावर उपाय काढला. स्टाफची आई म्हणून तिला संध्याकाळी आत बसू देत. तिने बेसिनचा नळ बारीक सोडून ठेवला. पाण्याचा आवाज कानावर पडला आणि म्हातारा लहान पोरासारखा झोपला.

"पानी ऐकलं का निजतंय तो," तिने सिस्टरना सांगितलं. सिस्टर हसल्या. झोपेच्या इंजेक्शनापेक्षा बरं, असं सगळ्यांनाच वाटलं. हेमांगीलाही वाटलं, हे विशेष. रोज संध्याकाळी तुळशीदास म्हणे, "नल सोर जरा," की सगुणा नळ सोडी, उरलेली पेज बेसिनमध्ये ओती, त्याच पाण्याने वाटी विसळी आणि त्याच्या उशाशी बसून राही.

अशातच एका सकाळी हेमांगीच्या हातात नलिनीबाईंची प्लेट आली.

प्लेट म्हणजे काचेची उथळ बशी. तिच्यात जंतू पेरायचा, वर निरनिराळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर ऊब द्यायची. ज्या औषधाला जंतू घाबरतो त्याच्या चकतीभोवती स्वच्छ रिंगण सुटतं. नलिनीबाई म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई, काही दिवसांपूर्वी आयसीयूतून खाली वॉर्डात गेलेल्या. त्यांच्या लघवीतला जंतू होता ई. कोलाय, तुमच्याआमच्या पोटात सुखाने नांदणारा, अगदी सामान्य. पण प्लेटवर रिंगणच नव्हतं. महागामोलाच्या, अगदी शेवटी काढायच्या औषधांच्या चकत्यांपर्यंत तो बिनदिक्कत वाढला होता. एकाच चकतीभोवती काय ती थोडी जागा मोकळी होती.

हेमांगीला हे चित्र ओळखीचं वाटलं. कोणती चकती निकामी, कोणती अर्धवट, कोणती शाबूत, अगदी हीच नक्षी तिने याआधी दोनदा पाहिली होती. उन्हाळ्यात भाऊराव नावाच्या आजोबांच्या छातीतल्या कफात. आणि गणपतीनंतर सर्वेश नावाच्या तरुणाच्या रक्तात. दोघेही वाचले नव्हते. चमत्कारिक गोष्ट अशी, की भाऊरावांचा जंतू होता क्लेब्सिएला, सर्वेशचा एंटेरोबॅक्टर. तिन्ही जंतू वेगळे, एकमेकांचे सोयरे ना धायरे. तीन अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावर एकच हसू दिसावं, तसं तिला झालं. ती प्लेट तिने पालथी करून ठेवली.

आयसीयूचे प्रमुख डॉक्टर चंद्रप्रकाश. माणूस हुशार आणि सरळ, पण कामाच्या रगाड्यात पार पिचलेला. त्यांनी तिचं ऐकून घेतलं.

"हेमांगी, एकच जंतू तिघांत सापडला असता तर मी आत्ता वॉर्ड बंद केला असता," ते म्हणाले. "इथे तीन जंतू, मध्ये महिने गेलेले. याला साथ म्हणत नाहीत. योगायोग आहे यार."

"सर, जंतू फिरतच नसेल तर? त्यांच्यातलं काहीतरी फिरत असेल तर?"

"मग दाखव मला ते."

ते काय असावं याची तिला कल्पना होती. जंतूंच्या अंगात त्यांची मूळ गुणसूत्रं असतात ती असतातच. त्याखेरीज काहींच्या पोटात एक छोटंसं सुटं कडं तरंगत असतं. प्लाझमिड म्हणतात त्याला. औषध निकामी करायची विद्या त्या कड्यावर लिहिलेली असू शकते. आणि हे कडं वाटता येतं. शेजारी दुसरा जंतू आला की पहिला एक बारीक नळी पुढे करतो, त्याला आपल्याकडे ओढतो आणि कड्याची एक प्रत त्याला देऊन टाकतो. आपली आपल्याकडे राहतेच. घेणारा आपल्या जातीचा असलाच पाहिजे असंही नाही. कोळीवाड्यात सासू आपल्या मसाल्याचं माप नव्या सुनेलासुद्धा वर्षभर सांगत नाही, आणि हे जंतू वाटेवरच्या परक्याला सगळं शिकवून मोकळे होतात. कॉलेजात हे वाचताना हेमांगीला गंमत वाटली होती. आता वाटली नाही.

तिने नलिनीबाईंचा जंतू घेतला आणि लॅबमधला एक निरुपद्रवी जंतू घेतला. हा दुसरा इतका दुबळा, की साध्या औषधाच्या थेंबाने मरावा; त्याच्या ठिपक्यांचा रंग वेगळा येतो म्हणून ओळखू येतो. दोघांना एका नळीत एकत्र सोडलं. दुसऱ्या दिवशी ते मिश्रण तिने जबरी औषध घातलेल्या प्लेटवर पसरलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी प्लेट उघडली तर त्या दुबळ्याचे ठिपके तिथे आरामात बसले होते. एका रात्रीच्या संगतीत तो शिकला होता. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं, बाहेर चहावाला कपबशा वाजवत होता, आणि हेमांगीने प्लेटवर पुन्हा झाकण ठेवलं.

ती तशीच जिना चढून वर गेली. "सिस्टर, भाऊराव, तो सर्वेश आणि नलिनीबाई. हे तिघं आयसीयूत कुठे होते, आठवतंय?"

सुनंदा सिस्टरना सगळे पेशंट आठवत. त्यांनी औषधाचा ट्रे खाली ठेवला. "भाऊराव कोपऱ्यात. त्यांका उजेड होयो होतो. तो झील, सर्वेश, तो पण थयच होतो." मग त्या कोपऱ्यातल्या बेडकडे वळल्या. "नलिनीबाई पण."

कोपऱ्यात तुळशीदास डोळे मिटून पडला होता. उशाशी नळ थेंब थेंब गळत होता.

हेमांगी बेडजवळ गेली. बापाच्या कपाळावर हात ठेवायला तिने हात उचलला आणि तसाच मागे घेतला. त्याने डोळे उघडले.

"पोरी, ती मोरी हाय ना," तो हळूच म्हणाला, "तिच्यान कोन तरी बोलतंय. नल बंद झाला का आयकू येतंय. एक सांगतंय, दुसरा आयकतंय."

आयसीयूत म्हातारी माणसं भ्रमात काहीही बोलतात. हे हेमांगीने वरच्या डॉक्टरांकडून शंभरदा ऐकलं होतं. तरी ती बेसिनवर वाकली. जाळीच्या भोकांखाली काळोख होता. आत कुठेतरी गुळगुळ झाली आणि एक बुडबुडा वर येऊन फुटला. आंबलेल्या पेजेसारखा वास आला.

तेवढ्यात सुनंदा सिस्टर आल्या. शेजारच्या पेशंटला अर्धंच इंजेक्शन लागणार होतं. उरलेलं अर्धं औषध त्यांनी सवयीने, बेसिनच्या जाळीत बरोबर मधोमध, सावकाश ओतलं.

"सिस्टर, हे काय करताय?"

"उरला ता ओततंय. वास मारता मेली ही मोरी. इतक्या भारी औषध, कचऱ्यात कित्याक घालूचा? निदान जंतू तरी मरतीत." बोलता बोलता त्यांनी हेमांगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झाला गो?"

"कधीपासून ओतताय?"

"रोजच. सगळ्याच पोरींका मी सांगितलंय."

हेमांगीला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. पण ही बाई एक टाका, एक कापसाचा बोळा वाया जाऊ देत नसे. चाळीच्या खोलीत मोठी झालेली, टाकणं म्हणजे पाप असं मानणारी. तिने चांगल्या बुद्धीने केलं होतं, आणि तेच भयंकर होतं. रोज थोडं थोडं औषध. त्यातून जे मेले ते मेले. जे उरले त्यांच्याकडे कडं होतं. त्यांना वरून पेज मिळाली, ग्लुकोजचं उरलेलं पाणी मिळालं, आणि शिकवायला नवनवे शेजारी मिळाले. या पाइपात एक वस्तीच वसली होती, आणि तिला जेवूखाऊ घालणारे सगळे घरचेच होते.

"मेले नाहीत, सिस्टर," ती एवढंच म्हणाली. "शिकले."

सिस्टरनी जाळीकडे पाहिलं. रिकामी बाटली त्यांच्या हातातच राहिली.

वस्ती खाली, पेशंट वर. मध्ये पूल कोणता, तेवढं दाखवायचं बाकी होतं. दुपारी तुळशीदासला सीटी स्कॅनला नेलं तशी हेमांगी जंतू रंगवायची जांभळी शाई घेऊन आली. ती तिने बेसिनच्या जाळीवर आणि जाळीखाली नीट ओतली. बेडवर, उशीवर, स्टुलावर पांढरे टिपकागद अंथरले. आणि आई सोडायची तसा, तेवढाच बारीक, नळ सोडला. धार थेट जाळीवर पडत होती. आवाज खरंच सुंदर होता. होडी नांगरून ठेवल्यावर तिच्या अंगाला पाणी लागतं तसा.

थोड्या वेळाने तिने चंद्रप्रकाश सरांना बोलावलं. उशीवरच्या कागदावर बारीक बारीक जांभळे ठिपके उमटले होते. चादरीवर, पोटाच्या जखमेची जागा जिथे येते तिथे, होते. स्टुलावरच्या पाण्याच्या पेल्यावर होते. हेमांगीच्या पांढऱ्या कोटावरही होते, आणि ते तिला सरांनी दाखवले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बेड बंद करा. बेसिन काढून टाका. आजच," ते म्हणाले. नंतर हळू आवाजात, "तुझे वडील किती दिवस होते इथे?"

ती उशीवरचे कागद गोळा करू लागली. वशिला लावून तिनेच त्याला इथे आणलं होतं, हे आता नव्याने सांगायची गरज नव्हती.

प्लंबरने बेसिन उपटलं आणि खालचा वाकडा पाइप फोडला. आतून सगळीकडून करडा, जाड, बुळबुळीत थर चढला होता, जाळीला टेकेपर्यंत वर आलेला. हेमांगीने त्यातला थोडा खरवडून लॅबमध्ये नेला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर तऱ्हेतऱ्हेचे ठिपके आले. पिवळट, गुलाबी, दुधाळ, काही तिने कधीच न पाहिलेले. सगळ्यांची नक्षी एकच होती.

तुळशीदासला भिंतीकडच्या बेडवर हलवलं. खाडी गेली, पाणी गेलं. तो रात्रंदिवस चुळबुळत राहिला. सगुणा लेकीवर भडकली. "तुजी ती शाई नि तुजं ते कागद. बापाचं पानी तोरलंस तू." हेमांगीने ऐकून घेतलं. आईला सांगणार तरी काय, की तू सोडलेल्या नळाने हे केलं? तिने सांगितलं नाही. ते कोणालाच न सांगायचं तिने ठरवून टाकलं.

मग ताप आला. तिने स्वतः रक्त घेतलं, स्वतः खाली नेलं, आणि रक्तात जंतू वाढतोय का ते दाखवणाऱ्या मशीनपुढे स्टूल ओढून बसली. तिला देव आठवला, कुलदेवी एकवीरा आठवली, मनातल्या मनात नवसही बोलून झाला. रक्तात काही वाढलं नाही. ताप साध्या औषधाने उतरला. जखम भरत आली, म्हातारा दोन घास जास्त जेवायला लागला, आणि सगळे म्हणाले, वाचला.

घरी पाठवायच्या आधी नियमाप्रमाणे त्याच्या शौचाचा नमुना तपासला गेला. हेमांगीने प्लेट उजेडात धरली. आतड्यातला साधा ई. कोलाय, म्हाताऱ्याच्या जन्माचा सोबती. आणि चकत्यांभोवती तीच नक्षी.

"वडील आजारी नाहीयेत," चंद्रप्रकाश सर म्हणाले. "जंतू जखमेत नाही, रक्तात नाही. नुसता पोटात राहतोय. औषध द्यायचं कारण नाही, दिलं तर उलट वाट लागेल. काही महिन्यांत निघून जाईलही."

"आणि नाही गेला तर?"

"तर राहील. हात धुवायला सांग. तू हे माझ्यापेक्षा जास्त जाणतेस."

तिने घरी सांगितलं, जेवढं सांगता येत होतं तेवढं. बाबाच्या पोटात हॉस्पिटलातला एक जंतू आलाय. त्याला काही करत नाही. पण बाळाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, दर वेळी. सगुणाचा चेहरा पडला. तुळशीदास आपल्या तळहातांकडे बघत होता.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. अंगणात पापलेटची तुकडी तळली जात होती, बाया पाळण्याभोवती दाटीने बसल्या होत्या. प्रज्योतची बायको दिशा मुलीला मांडीवर घेऊन वाट बघत होती. आधी आजाने घ्यायचं, मग पाळण्यात. तुळशीदास नवा सदरा घालून मोरीपाशी उभा राहिला आणि त्याने हात पुढे केले. हेमांगी तांब्याने पाणी ओतू लागली. त्याने साबण घेतला. बोटांच्या बेचक्यात, नखांत, मनगटापर्यंत. जाळी गुंतवावी तितक्या सावकाश तो हात धूत होता. फेसाचं पाणी मोरीच्या भोकातून गुळगुळ करत खाली गेलं.

त्या आवाजाला त्याने मान कलती केली.

"ह्या पानी कुठं जातंय, पोरी?"

त्याला माहीत होतं. कोळीवाड्यातल्या पोराटोरांनाही माहीत असतं.

"खाडीन," त्यानेच उत्तर दिलं. "हॉस्पिटलचा पन खाडीनंच. आन् भरतीला?"

अंगणातून तळणाचा वास येत होता. सकाळीच खाडीच्या तोंडाशी घासून धुतलेली मासळी होती ती. तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी हेमांगीने तो तसाच तिरका धरला होता.

"आजोबा, या की," दिशा हसून म्हणाली. बाया बाजूला सरकल्या. तुळशीदास ओले हात अंगापासून लांब धरून नातीसमोर उभा राहिला. ज्या पोरीसाठी तो परत आला होता, ती पुढ्यात होती. त्याने हात पुढे केले नाहीत. वळून लेकीकडे पाहिलं.

"घेऊ?" त्याने विचारलं.

एवढा एकच शब्द. हात स्वच्छ धुतलेत, घ्या, काही होत नाही, असं ती रोज फोनवर परक्यांना बेधडक सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. तिने रिकामा तांब्या खाली ठेवला. सगळे तिच्याकडे बघत होते. आईही.

"घे, बाबा," ती म्हणाली.

त्याने नातीला उचललं. कोणीतरी गाणं सुरू केलं. पोरीने झोपेतच चाचपडत आजाचं बोट धरलं आणि ते नेऊन सरळ तोंडात घातलं. बाया खळखळून हसल्या. भुकेजलीय, भुकेजलीय म्हणाल्या. हेमांगीही हसली. तिला ते बोट ओढून काढायचं होतं.

तुळशीदास हसत नव्हता. नातीकडेही बघत नव्हता. बोट तसंच राहू देऊन तो लेकीकडे बघत होता, आणि त्याची मान, काहीतरी ऐकत असल्यासारखी, मोरीच्या बाजूला कलती होती.